म्हैस भुर्र

नातवाच्या शाळेच्या डायरीत लाल शाईनं शेरा आला: ‘सेल्फ रेग्युलेशन नीड्स इम्प्रूव्हमेंट’.

आमच्या घरात आजवर रेग्युलेटर दोनच. एक गॅसचा, जो सिलिंडर बदलताना पहिल्या झटक्यात कधीच बसत नाही. आणि दुसरा पंख्याचा, जो फेब्रुवारीच्या अखेरीला पाचावर जातो तो मृग लागेपर्यंत खाली येत नाही. साडेचार वर्षांच्या पोराच्या आत तिसरा बसवलेला असतो आणि तो नीट चालत नसला तर शाळेत लाल शाई निघते, हे मला सहासष्टाव्या वर्षी कळलं. हिनं डायरी दोनदा वाचली आणि विचारलं, “अहो, म्हणजे नेमकं कुठं दुखतंय त्याचं?”

शेऱ्याखाली तपशील होता. पहिल्याच तासाला डबा खातो. रांग सोडून पळतो. दुसऱ्याला प्रश्न विचारला की हा उत्तर देतो. शेजारच्या मुलाचं खोडरबर घेतलं आणि परत देताना अर्धंच दिलं. मी तीस वर्षं बँकेत कॅशियर होतो. यातला एकही गुन्हा मला नवा नव्हता. पेन्शनच्या तारखेला काउंटरच्या जाळीतून मी हे सगळं पाहिलेलं आहे, अर्ध्या पेनासकट.

तळाशी ‘पालकांनी भेटावे’ होतं. मुलगा आणि सूनबाई दोघंही नोकरीवर, तेव्हा पालक म्हणून मीच निघालो.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. बाहेरगावच्या माणसाला हे नाव ऐकून वाटतं, दोन सारखी गावं असतील. जुळ्यांत एक थोडं आधी जन्मतं हे मान्य, पण इथं थोरलं बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची गोष्ट सांगतं आणि धाकट्याला आसरा चौकात रिक्षा कुठं वळवायची हे अजून ठरवता येत नाही. थोरल्याकडे किल्ला, तळं, पेठा आणि गिरण्यांच्या आठवणी. धाकट्याकडे अपार्टमेंट, मंगल कार्यालयं, आणि दर दोन कोपऱ्यांवर भिंतीवर मिकी माऊस काढलेली एक प्री-स्कूल. विजापूर रोड ते होटगी रोड पायी चालत गेलात तर वाटेत जेवढे मिकी माऊस भेटतील तेवढे अमेरिकेतही भेटायचे नाहीत.

मिसनी मला बसायला मुलांचीच खुर्ची दिली. गुडघे हनुवटीपाशी आले. त्या आसनात माणूस आपोआप नम्र होतो.

“आजोबा, मूल हुशार आहे,” त्या म्हणाल्या. (ही सुरुवात झाली की पुढं काय येतं ते मला मुलाच्या वेळेपासून ठाऊक आहे.) “प्रश्न एक्झिक्युटिव्ह फंक्शनचा आहे.”

एक्झिक्युटिव्ह म्हटल्यावर मला एक्झिक्युटिव्ह इंजिनियर आठवला आणि फंक्शन म्हटल्यावर मंगल कार्यालय. क्षणभर मी आहेर काय न्यायचा याचाच विचार करत होतो. पण मिस चांगल्या होत्या, आणि मुख्य म्हणजे सोलापूरच्या होत्या. त्यांनी पुस्तक मिटलं आणि सांगितलं, “सात रस्त्याच्या चौकात पोलीस उभा असतो ना? कुणाला सोडायचं, कुणाला थांबवायचं, कुठली गाडी कुठनं आली हे लक्षात ठेवायचं, आणि मिरवणूक आली की सगळा बेत बदलायचा. तसा एक पोलीस डोक्यात असतो.”

“आणि आमच्याकडचा?”

“जेवायला गेलाय.”

त्या तिन्ही कामांना शास्त्रात नावं आहेत. ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं, आलेली लहर आवरणं, आणि नियम बदलला की आपणही बदलणं. तिसऱ्याची परीक्षा मला फार आवडली. फिलिप झेलाझो नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९९० च्या दशकात ती मुलांवर केली. काही चित्रांचे पत्ते, त्यांवर ससे आणि होड्या, लाल आणि निळ्या. आधी सांगायचं, रंगाप्रमाणे लाव. मूल लावतं. मग सांगायचं, आता आकाराप्रमाणे लाव. तीन वर्षांचं मूल नवा नियम विचारला तर तोंडानं बरोब्बर सांगतं, आणि हातानं पत्ता जुन्याच नियमानं टाकतं. पाचव्या वर्षापर्यंत बहुतेकांना जमायला लागतं.

हा सगळा कारभार चालतो कपाळामागच्या मेंदूत, आणि तो भाग पुरता तयार व्हायला विशी उलटून पंचविशी येते म्हणतात. आपल्याकडे पाचवीच्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते. एका रात्रीत लिहून होतं ते कपाळाच्या बाहेरचं असणार. आतलं लिखाण पंचवीस वर्षं चालू आहे आणि शाळा साडेचाराव्या वर्षी वही तपासायला मागते.

“बसा की तासभर, बघा तुम्हीच,” मिस म्हणाल्या. मी मागच्या कोपऱ्यात बसलो.

त्यांनी मुलांना गोल बसवलं आणि चक्क ‘चिमणी भुर्र’ घेतलं. तेच ते, आपलं. तर्जनी जमिनीवर टेकवायची. उडणारं नाव आलं की बोट वर, न उडणारं आलं की बोट खाली. चिमणी भुर्र, पोपट भुर्र, कावळा भुर्र, आणि त्याच लयीत, स्वतःचं बोट लबाडीनं वर करून, म्हैस भुर्र! अमेरिकेत ओरेगनच्या मेगन मॅक्लेलंड आणि त्यांचे सहकारी मुलांचा स्वतःवरचा ताबा मोजतात तो ‘डोकं म्हटलं की पायाचे अंगठे पकडायचे’ अशा खेळानं. त्याच घराण्यातली दुसरी परीक्षा म्हणजे सूर्याचं चित्र दाखवलं की ‘रात्र’ म्हणायचं आणि चंद्राचं दाखवलं की ‘दिवस’. आमच्या आज्यांनी ही प्रयोगशाळा माजघरात एका म्हशीवर चालवली. फक्त निष्कर्ष कुठं छापले नाहीत.

सव्वीस मुलांत सव्वीस तऱ्हा. एक मुलगा म्हैस ऐकली की उजवं बोट डाव्या हातानं दाबून धरत होता. कपाळामागचा पोलीस कमी पडला म्हणून त्यानं हातानं कुमक पाठवली होती. एक शेजारणीचं बोट बघून आपलं उचलत होता. वेण्या घातलेली एक मुलगी कशालाच बोट उचलत नव्हती. चिमणीला नाही, घारीला नाही. “उचललं की आउट होतो,” तिनं मला समजावून सांगितलं. ही मोठेपणी बँकेत जाणार आणि चांगल्या पदाला चढणार. आमच्या सोन्यानं म्हैस तिन्ही वेळा उडवली. वर मिसशी वाद घातला, “आमच्या गच्चीवरनं उडती.”

त्या मुलीचंच आणखी सांगतो. ती मैत्रिणीशी तेलुगू बोलली, शाळेच्या मावशींशी कन्नड, रिक्षावाल्या काकांशी सोलापुरी हिंदी, माझ्याशी मराठी, आणि मिसशी इंग्रजीतलं एकच वाक्य, जे म्हटल्याशिवाय कुणाला बाथरूमला सोडत नाहीत. दोन भाषा बोलणाऱ्या मुलांचा तो पोलीस जास्त तरबेज असतो की नसतो, यावर विद्वानांचं बरीच वर्षं भांडण चालू आहे. मिटेल तेव्हा मिटो. चार भाषांतून कुणाशी कट्टी आहे आणि कुणाशी बट्टी, याचा हिशेब चुकू न देणाऱ्या त्या बाईंपुढे माझा कोअर बँकिंगचा अनुभव फिका पडला. कारण कट्टीचे नियम कडक असतात. करंगळी लावून कट्टी, दोन बोटं लावून बट्टी, आणि ज्याच्याशी कट्टी आहे त्याच्याशी बोलायचं झालंच तर तिसऱ्याला सांगायचं, “त्याला सांग, मी त्याच्याशी बोलत नाही.” मोठ्या कुटुंबांत पुढं जमिनीच्या वाटण्या होतात तेव्हा हेच शिक्षण उपयोगी पडतं.

खोडरबराचा उलगडाही तिथंच झाला. त्या आठवड्यात वर्गात ‘शेअरिंग इज केअरिंग’ शिकवलं होतं. सोन्यानं धडा मनावर घेतला आणि खोडरबराचे दोन सारखे तुकडे केले. अर्धं वाटून टाकायचं म्हटलं तर आमच्या जिल्ह्याला थोर उदाहरण आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलर, आणि त्यांनी त्यातले निम्मे अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकले. गुरुजींनी स्वतःचं अर्धं दिलं, आमच्यानं दुसऱ्याचं. बाकी तत्त्व तेच.

मधल्या सुट्टीत मात्र या मुलांना वाटून खायला कुणी शिकवावं लागत नव्हतं. बोरकूट घातलेली एक गोळी निघाली. ती सदऱ्याच्या टोकात धरून चिमणीच्या दातांनी फोडली गेली, आणि तिचे पाच भाग झाले. शेंगाची चटणी-भाकरी देऊन मॅगी घेण्याचा व्यवहार झाला, भाव ठरला एका भाकरीला चार चमचे. सोन्या तेवढा डब्याविना नुसता फिरत होता. त्याचा डबा साडेनऊलाच संपला होता.

तोच तर मुख्य गुन्हा. घरी आल्यावर मी ठरवलं, आपणही शास्त्रीय परीक्षा घ्यायची.

मार्शमॅलोची गोष्ट हल्ली सगळ्या पालकांना पाठ असते. १९६० च्या दशकाच्या अखेरीला स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिंग बालवाडीत वॉल्टर मिशेल या प्राध्यापकानं मुलांपुढे खाऊ ठेवला आणि सांगितलं, मी येईपर्यंत थांबलास तर जास्त मिळेल. काही थांबली, काही नाही. कुणी डोळे झाकले, कुणी गाणी म्हटली. मिशेलच्या तिन्ही मुली त्याच बालवाडीत होत्या. पुढं जेवताना तो सहज विचारायचा, तुमच्या वर्गातला अमका हल्ली काय करतो, तमकीचं कसं चाललंय. या चौकशीतून त्याच्या ध्यानात आलं की जी थांबली होती त्यांचं बरं चाललंय. मग त्यानं रीतसर शोध घेतला, आणि १९९० साली छापून आलं की थांबणाऱ्यांचे परीक्षेतले मार्क जास्त. जगातलं एवढं गाजलेलं संशोधन मुळात जेवणावरच्या चांभारचौकशीतून निघालं, हे ऐकून आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर फार समाधान पसरलं.

मार्शमॅलो ही कापसासारखी मऊ, फिक्या चवीची वडी असते. ती समोर ठेवून थांबण्यात काय शौर्य? मी शेंगापोळी ठेवली. सोलापूरची, कडेपर्यंत सारण, वर तुपाचा हात. “सोन्या, ही एक. मी गॅलरीतनं पंधरा मिनिटांनी येतो. तोवर हात लावला नाहीस तर दोन.”

मी दाराकडे वळलो. गॅलरीपर्यंत पोचायचं होतं. मागं कर्रकन आवाज आला.

“अरे, दोन मिळाल्या असत्या की!”

तोंडातला घास त्यानं नीट गिळला. मग शांतपणे म्हणाला, “गड्ड्याला पण तुम्ही म्हणला होता.”

“काय म्हणलो होतो?”

“मोठ्या पाळण्यात बसवतो म्हणला होता. रविवारी.”

खरं होतं. गेल्या जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्याला, होम मैदानावर, गर्दी आणि माझा गुडघा पाहून मी म्हणालो होतो, “आज नको राजा, रविवारी नक्की.” त्यानंतर किती रविवार गेले ते मी मोजले नव्हते. त्यानं मोजले होते. पोराचं ऐकलेलं लक्षात राहत नाही असं डायरीत लिहायची शाळेला पुढेमागे इच्छा झाली, तर त्यांनी आधी मला भेटावं.

आता या शेंगापोळीवरही शोध झालेला आहे, म्हणजे तिच्या अमेरिकन बहिणीवर. २०१३ साली रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि तिच्या सहकाऱ्यांनी २८ मुलं घेतली. खाऊ ठेवण्याआधी त्यांना चित्र काढायला बसवलं आणि सांगितलं, थांबा, याहून छान रंग आणून देते. निम्म्यांना खरंच आणून दिले. उरलेल्या निम्म्यांना येऊन सांगितलं, अगं बाई, रंग संपलेत की. मग खाऊची परीक्षा. ज्यांना रंग मिळाले ती सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना थाप मिळाली ती तीन. म्हणजे त्या खोलीत मुलाचा संयम जेवढा मोजला गेला तेवढाच मोठ्या माणसाचा शब्द मोजला गेला. २०१८ मध्ये नऊशेहून जास्त मुलांवर जुनी परीक्षा पुन्हा झाली तेव्हाही घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर थांबण्याचा आणि पुढच्या मार्कांचा संबंध फारच बारीक झाला.

मला हे वाचून रॉचेस्टरला एक पत्र लिहावंसं वाटलं. बाई, २८ मुलं कशाला? सोलापुरात या.

आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी येतं, आणि कधी येतं हे ते स्वतःच ठरवतं. रात्री दोनला मोटारींचा घुमघुम आवाज सुरू झाला की अख्खी गल्ली उठते. टाकी भरते, पिंप भरतं, कळशी, बादल्या, कुकर, मिठाई संपलेला स्टीलचा डबा, पाहुण्यांसाठी ठेवलेला जग, शेवटी सोन्याची शाळेची बाटलीसुद्धा. सगळं भरल्यावरही ही स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहून बघते, अजून काय उरलं. कुणी मानसशास्त्रज्ञ तिथं असता तर त्यानं वहीत लिहिलं असतं: वय त्रेसष्ट, लहर आवरत नाही, उद्याचा विचार नाही. उलट उद्याच्याशिवाय तिच्या डोक्यात दुसरं काही नसतं! ‘आत्ता बास, उद्या येईल की’ असं म्हणणारा माणूस जुळे सोलापुरात दोन आंघोळी टिकत नाही. सोन्या जन्मल्यापासून हेच बघतोय. आलं की भर.

तरी डब्याचं मला कोडं होतं. पहिल्या तासाला कुणाला एवढी भूक? ते शाळेच्या मावशींनी सोडवलं. दिवाळीआधी शाळेत प्रमुख पाहुणे यायचे होते. दहाला येणार होते, साडेअकराला आले. तोवर मुलांना रांगेत बसवून ठेवलेलं, हातात गुलाबाचं फूल, हलायचं नाही. मग भाषण झालं. विषय होता शिस्त आणि वक्तशीरपणा. त्या गडबडीत मधली सुट्टी राहूनच गेली आणि डबे भरलेले घरी गेले. “दुसऱ्या दिवसापासनं सहा पोरं पहिल्या तासालाच खाऊन घेत्यात बघा,” मावशी म्हणाल्या. “भिस्त ऱ्हायली नाही त्यांची.”

सव्वीसांत सहा. बाकीची वीस अजून प्रमुख पाहुण्यांवर विश्वास ठेवून आहेत, ही काळजीची बाब डायरीत कुठं नोंदवलेली नाही.

सोसायटीच्या कट्ट्यावर मी हे सांगितलं तर अपेक्षित तेच झालं. “आमच्या वेळी असं नव्हतं,” एकजण म्हणाले. “छडी दिसली की गप.” मलाही आधी तसंच वाटलं. पण २०१८ साली अमेरिकेत जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवून पाहिले, तर आत्ताची मुलं १९६० च्या दशकातल्या मुलांपेक्षा सरासरी दोनेक मिनिटं जास्तच थांबत होती. गंमत म्हणजे आधी मोठ्यांना अंदाज विचारला होता, आणि बहुतेकांनी छातीठोकपणे उलट सांगितलं होतं. कट्ट्यावर कुणाला हे पटलं नाही. अमेरिकेचे आकडे, त्यात काय, असं म्हणून विषय खरबुजाच्या भावावर गेला.

मी मात्र आठवत बसलो. मी वाढलो गिरणगावात. माझं लहानपण भोंग्यावर चाललं. पहिला भोंगा झाला की चूल, दुसरा झाला की वडील दाराबाहेर, संध्याकाळचा झाला की वडील येणार आणि शनिवार असला तर कागदाच्या पुडीत शेव येणार. लक्ष्मी-विष्णू मिलच्या चिमणीकडे बघत मी कितीतरी वेळ पायरीवर बसून राहायचो. लोक म्हणायचे, पोरगं शांत आहे. शांत कसला! भोंगा चुकत नव्हता, एवढंच.

बसून राहण्यावरून आठवलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या बाजूला आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं गुरं राखायला जातात, शाळेत येऊन बसत नाहीत, तर शाळाच उठून कुरणात गेली. आता शाळा उठत नाही म्हणून मुलांना बसवतात.

डिसेंबर लागला आणि आमच्या आवारात काठ्या निघाल्या. हे बाहेरच्यांना सांगायला हवं. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घालतात. पांढरी बाराबंदी घातलेला मानकरी ती उंच, जड काठी कमरेशी पेलून तोल सांभाळत चालतो. त्याचा सराव आधी कितीतरी दिवस चालतो. मोठ्यांचा सराव चालू झाला की पोरांचाही होतो. आमच्या पोरांची काठी म्हणजे प्लंबरनं टाकून दिलेला पाइप, वर हिची जुनी ओढणी, टोकाला फुगा. सोन्यानं माझा गंजीफ्रॉक बाराबंदी म्हणून घातला होता, तो घोट्यापर्यंत आलेला. पाइप पोटाशी धरून, वर फुग्याकडे नजर लावून तो उभा होता. बाकीचे ‘हर्र बोला हर्र’ करत होते. कुत्रं येऊन हुंगून गेलं. आईस्क्रीमची गाडी घंटा वाजवत गेली! तो हलला नाही. मी घड्याळ लावलं. अकरा मिनिटं.

हाच मुलगा, रांग सोडून पळतो असा शेरा असलेला.

१९४८ साली रशियात मानुइलेंको नावाच्या बाईंनी हेच पाहिलं होतं. मुलाला नुसतं ‘हलू नकोस’ म्हटलं तर ते लगेच हलतं. पण ‘तू पहारेकरी, ही तुझी चौकी’ असं सांगून खेळात उभं केलं तर तेच मूल कितीतरी जास्त वेळ खांबासारखं उभं राहतं, आणि सोबती बघत असले तर आणखी. पोलीस जेवायला गेला म्हणून आपण बोंबलतो. त्याला गणवेश दिला की तो जेवणही विसरतो.

त्या मिरवणुकीत तळमजल्यावरचं तीन वर्षांचं पोरगं सारखं मधे घुसत होतं. कधी ओढणी ओढायचं, कधी रस्त्यात बसायचं. मोठ्या माणसांची सभा असती तर त्याच्या आईला निरोप गेला असता. पोरांनी एका शब्दात निकाल लावला: “कच्चा लिंबू!” म्हणजे हा खेळात आहे, पण याच्यावर राज्य येणार नाही. चुकला तरी आउट नाही. रडला तर त्याला एकदा काठीला हात लावू द्यायचा. कुणी पोटनियम लिहिले नाहीत, ठराव झाला नाही, आणि ज्याचा पोलीस अजून भरतीच झालेला नाही त्याची सोय झाली. शाळेच्या डायरीत लाल आणि हिरवी शाई आहे, कच्च्या लिंबाचा रकाना नाही. मी मिसना तसं सुचवलं. त्या हसल्या, आणि म्हणाल्या, सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय येत नाही.

जानेवारीत मी गुडघ्याला पट्टा बांधून गड्ड्यावर गेलो. पाळण्याच्या रांगेत चाळीस मिनिटं उभे होतो. सोन्या माझं बोट धरून उभा होता. एकदाही पळाला नाही. पुढच्या माणसाला मात्र दोनदा सांगितलं, “काका, नंबरानं.” पाळण्यात बसल्यावर काय झालं ते सांगण्यासारखं नाही. मी डोळे मिटले होते.

त्यानंतर घरी शेंगापोळीची परीक्षा पुन्हा घेतली. सहा मिनिटं. मग हीच स्वयंपाकघरातून दुसरी पोळी घेऊन आली, “किती वेळ ताटकळत ठेवाल लेकराला” म्हणत, आणि प्रयोग संपला.

परवा गच्चीवर दोघं-तिघं मिळून चिमणी भुर्र खेळत होते. मलाही बसवलं. आमच्या गच्चीवरून होटगी रोडची बाजू मोकळी दिसते, विमानतळाची. या शहरानं विमानाची वाट कशी पाहिली त्यावर वेगळा लेख होईल. मधे काही काळ विमान आलं आणि बंद झालं. मग साखर कारखान्याची उंच चिमणी विमानाच्या वाटेत येते की नाही यावर वर्षानुवर्षं मोर्चे, तारखा, वाद. शेवटी १५ जून २०२३ ला ती पाडली. म्हणजे चिमणी भुर्र झाली, विमान जमिनीवरच. आम्ही ‘लवकरच’ हा शब्द इतक्यांदा वाचला होता की पेपरवाल्यानं तो कायमचा जुळवून ठेवला असावा असं वाटायचं. तोवर मी एक सवय अंगी बाणवली होती: विमानाच्या बातमीवर भरवसा ठेवायचा नाही.

“चिमणी भुर्र!” बोटं वर.

“पतंग भुर्र!” वर.

“म्हैस भुर्र!” सोन्याचं बोट खाली. तो माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो.

“विमान भुर्र!”

तीन बोटं वर गेली. माझं फरशीवर तसंच, घट्ट.

“आबा आउट! आबा आउट!”

“अरे थांबा,” मी म्हणालो. “मला ठाऊक आहे की. ९ जून २०२५ पासून गोव्याचं विमान सुरू झालंय. पेपरात वाचलंय मी, फोटो आला होता.”

“मग बोट का नाही उचललं?”

याला उत्तर नव्हतं. तिघांची थोडी कुजबुज झाली. मग दुसऱ्या मजल्यावरचा पोरगा, त्यांच्यातला सगळ्यात मोठा, वय वर्षं सात, सोन्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “जाऊ दे बे. तुझे आबा कच्चा लिंबू.”

मी बोट परत फरशीवर टेकवलं.